बुडबुड्यांचे भक्त

बुडबुडे मोजत बसणाऱ्या माणसांचा मला आता उबग आलाय. रात्री साडेअकराला फोन वाजतो. पलीकडं स्टुटगार्ट असतं, नाहीतर न्यू जर्सी, नाहीतर टोरांटो. बोलणारा आपलाच, राजारामपुरीत नाहीतर उत्तरेश्वर पेठेत वाढलेला, बऱ्या पगाराचा, दोन-दोन पदव्या भिंतीवर लावलेला. ‘‘मामा, बुडबुडं बंद झाल्यात. गेलं काय सगळं?’’ पाठोपाठ फोटो येतो. प्लास्टिकची पांढरी बादली, झाकणात खोचलेली पाण्याची वाकडी नळी आणि मागं गॅरेजमध्ये बर्फ ओढायचं फावडं. वीस लिटर बिअर लावून तीन दिवस झालेत आणि साहेबांचा धीर सुटलाय. मी विचारतो, ‘‘ग्रॅव्हिटी किती?’’ उत्तर नाही. ‘‘टेंपरेचर?’’ ‘‘खोलीत बरं आहे, फार गार नाही.’’ अरे, तू पूल बांधतोस तेव्हा ‘फार वाकत नाही’ असं लिहून देतोस का?

मलाच फोन का, तर मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होतो. उसाची मळी आंबवण्यात हयात गेली. मी बिअर लावत नाही आणि कोल्हापुरात लावणारही नाही. इथं तो गुन्हा आहे, त्याकडं पुढं येतोच. पण मळी असो की मोड आलेल्या जवाचा काढा, साखर खाणारा प्राणी बहुतेक वेळा एकच: सॅक्करोमायसिस सेरेव्हिसी. त्याच्या आवडीनिवडी मला सख्ख्या भाचरांपेक्षा जास्त ठाऊक आहेत, आणि तो रात्री फोन करत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की घरगुती बिअरच्या बादलीत आपोआप बिघडणाऱ्या गोष्टी फार कमी. जे बिघडतं ते बहुतेक दुरुस्त करायला गेलेल्या हातानं बिघडतं. रोग थोडे, वैद्य उदंड. आणि वैद्याकडं साधा थर्मामीटर नाही.

आधी त्या बुडबुड्याचा निकाल लावू. यीस्टनं साखर खाल्ली की अल्कोहोल होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा वायू कुणाच्या शिस्तीचा नाही, वाट मिळेल तिथून जातो. झाकणाचं रबर नीट बसलं नसेल, आणि स्वस्त बादल्यांचं ते क्वचितच बसतं, तर नळीतल्या पाण्याला धक्का देत बसण्यापेक्षा तो कडेनं गुपचूप निघून जातो. आत यीस्ट भरात काम करतंय आणि वरची नळी ढिम्म. उलटंही होतं. आंबणं संपून आठवडा झालेला असतो, दुपारी गॅरेज तापतं, द्रवात विरघळलेला वायू सुटतो आणि नळी बडबडायला लागते. भक्त लगेच खूश: ‘‘मामा, परत चालू झालं!’’ काही चालू झालेलं नाही. ऊन पडलंय.

आंबणं संपलं की नाही ते सांगणारं साधन एकच. काचेची नळकांडी, बुडाशी वजन, वरच्या बारीक मानेत आकडे. हायड्रोमीटर. आम्ही कारखान्यात स्पिंडल म्हणायचो. साखर विरघळलेलं पाणी जड, म्हणून स्पिंडल वर तरंगतो. साखर संपत जाईल तसा तो बुडत जातो. साध्या बिअरच्या काढ्याची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतलं जडपण, सुरुवातीला 1.050 च्या आसपास असते, शेवटी 1.010 च्या आसपास येते. दोन्हींतला फरक घ्या, 131 नं गुणा, सव्वापाच टक्के अल्कोहोल निघालं. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा आकडा घेतला आणि हलला नाही, तर काम संपलं. एवढंच. आठवीतलं पोरगं करील.

पण ते नीट करायचं. बादलीतून शंभर-दीडशे मिलिलिटर काढायचं, दोन पेल्यांत चार-पाच वेळा वरून खाली ओतून त्यातला वायू घालवायचा. नाहीतर वायूचे थेंब स्पिंडलच्या अंगाला चिकटतात, त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. मग उंच जारमध्ये स्पिंडल सोडायचा आणि मानेला चिमटीत धरून एक गिरकी द्यायची. गिरकी थांबली की डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. काचेपाशी द्रव थोडा वर चढलेला दिसतो. तो सोडून मधल्या सपाट पातळीचा आकडा वाचायचा. बहुतेक स्पिंडल 20 अंशांवर बेतलेले असतात, म्हणून उकळता काढा मोजून ‘साखर कमी उतरली’ अशी बोंब मारायची नाही. आणि मोजलेलं बादलीत परत ओतायचं नाही. प्यायचं. चव घेत गेलं की पंधरा दिवसांत काय कसं बदलतं ते जिभेला कळतं. ते शिक्षण फुकट मिळतंय.

यावरही एका शहाण्यानं कडी केली. स्पिंडल जुन्या जमान्याचा म्हणून त्यानं रिफ्रॅक्टोमीटर आणला. दोन थेंब काचेवर टाकायचे आणि डोळा लावायचा, झालं. आमच्या शेतकी खात्याच्या पोरांच्या खिशात असतो तोच. उसाचा ब्रिक्स बघायला तो उत्तम. पण एकदा अल्कोहोल तयार झालं की प्रकाशाचं वाकणं बदलतं आणि यंत्र सरळ खोटं बोलतं. 1.010 ला सुखानं संपलेली बिअर त्यात 1.025 च्या आसपास दिसते. या पठ्ठ्यानं आंबणं अडकलं म्हणून यीस्टची दुसरी पुडी घातली, मग तिसरी, मग बादली हिटरजवळ नेली. आजारी कुणीच नव्हतं. औषधं मात्र तीन झाली.

आता खरंच अडकतं तेव्हा. अडकण्याची कारणं मोजकी आणि सगळी पहिल्या दिवशीची. आंबणं सुरू व्हायला सहा तासांपासून दीड दिवसापर्यंत लागू शकतं. तेवढा वेळ यीस्ट आपली फौज वाढवत असतं. फौज वाढवायला त्याला प्राणवायू लागतो, आणि उकळलेल्या काढ्यातला प्राणवायू उडून गेलेला असतो. म्हणून काढा गार झाल्यावर, यीस्ट घालायच्या वेळी, भरपूर खळबळवायचा. त्यानंतर हवेचा संबंध संपला. आमची मंडळी बरोबर उलट करतात. पहिल्या दिवशी सोवळ्यातल्या भटजीसारखं अलगद ओततात आणि तिसऱ्या दिवशी धीर सुटला की डाव घालून घुसळतात, ‘यीस्टला जागं करायला’. यीस्ट जागंच होतं. आता बिअरमध्ये हवा मुरली, महिन्याभरात तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येणार आणि साहेब कंपनीच्या किटला शिव्या घालणार.

पुडीचंही तसंच. अकरा-साडेअकरा ग्रॅमची कोरड्या यीस्टची ताजी पुडी वीस लिटर साध्या बिअरला पुरते. पण ती वर्षभर स्वयंपाकघरात गरम मसाल्याशेजारी पडली असेल तर आत निम्मे मुडदे. मुडद्यांकडून कामाची अपेक्षा फक्त सरकारी हजेरीपटात करतात.

आणि एक कारण असं आहे की त्यावर यीस्टचा इलाज नाहीच. जवाचा भरडा गरम पाण्यात मुरवताना पाणी 64-65 अंशांवर ठेवलं तर पिष्टाची बारीक साखर होते, यीस्ट ती फस्त करतं. पाणी 70 च्या वर गेलं की लांबलचक साखळ्या उरतात, ज्या यीस्टच्या दाताला लागत नाहीत. मग बिअर 1.020 ला थांबते. तिथं दहा पुड्या रिकाम्या केल्या तरी आकडा हलणार नाही, कारण उरलंय ते त्याचं अन्नच नाही. ती बिअर थोडी गोडसर, अंगानं जाड लागेल. प्या की. कुणी बिघडली म्हणून सांगितलं तुम्हाला?

टेंपरेचर. इथं माझा आवाज चढतो. खोलीत भिंतीवर लावलेला आकडा हा बादलीचा आकडा नसतो. यीस्ट काम करताना उष्णता सोडतं. भरात असताना बादलीच्या पोटातलं टेंपरेचर खोलीपेक्षा तीन ते पाच अंश जास्त असतं. खोली 24, आत 28. साध्या एल जातीच्या यीस्टला 18 ते 20 मानवतं, लागरच्या यीस्टला तर 10 ते 13. अठ्ठावीसला ते काम झपाट्यानं उरकतं आणि सोबत जड, उग्र अल्कोहोलं सोडतं; नखपॉलिशचा वास आणि दुसऱ्या दिवशी कपाळ धरायची पाळी. तीन दिवसांत बुडबुडे संपले म्हणून रडणाऱ्यातले निम्मे हेच. काम अडकलेलं नसतं, धावत येऊन संपलेलं असतं.

आमच्याकडं मार्च-एप्रिलमध्ये हंगामाच्या शेवटी हाच तमाशा लाख-लाख लिटरच्या टाक्यांत चालायचा. बाहेर 38, कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट, प्लेट हीट एक्स्चेंजर धापा टाकतोय. मळीवरचं यीस्ट 32-33 ला सुखी असतं. टाकीचा काटा 35 वर गेला की ऑपरेटर घामाघूम, 37 झाला की यीस्ट मान टाकतं आणि बॅक्टेरिया शेपूट वर करतात. टाकीच्या तोंडाशी वाकलं की कार्बन डायऑक्साइड नाकात सुईसारखा घुसतो. त्याच्या मागं आंबूस उग्र दर्प आला की लॅबमध्ये व्होलाटाइल अ‍ॅसिडिटी काढायच्या आधीच कळायचं, उद्या रिकव्हरी पडणार. पण तिथंही टाकीत डाव घालून कुणी ढवळत नव्हतं. टेंपरेचर उतरवायचं, फेस फार आला तर टर्की रेड ऑइल सोडायचं आणि तासातासाला आकडा लिहायचा. वॉशमध्ये, म्हणजे आंबलेल्या मळीत, आठ-दहा टक्के अल्कोहोल चोवीस ते छत्तीस तासांत तयार व्हायचं, ते नोंदवहीवर. तुमची वीस लिटरची बादली पाण्याच्या टबात ठेवा, वर ओला पंचा गुंडाळा, टबात बर्फ झालेली एक बाटली सोडा. पाच अंश उतरतील. हे सांगायला मी कशाला लागतो? तुमच्या आजीनं उन्हाळ्यात दूध याच पद्धतीनं टिकवलं.

मग वास आणि रंग. झाकण उघडतात, कारण उघडल्याशिवाय राहवत नाही, आणि किंचाळतात. ‘‘मामा, वर घाण आलीय!’’ तपकिरी, चिकट, मधूनमधून हिरवट ठिपक्यांचा फेस. ती घाण म्हणजेच निरोगी आंबणं. यीस्ट, हॉप्सचा चीक आणि प्रथिनं यांचा तो गाळ वर तरंगतो, कडेला चिकटतो आणि खाली बसतो. खरा संसर्ग ओळखता येतो: सगळं शांत झाल्यावर पृष्ठभागावर पांढरा, कोरडा, सुरकुतलेला पापुद्रा धरतो. त्यावर केसाळ हिरवी बुरशी आली असेल तर ओतून द्या. बाकी फोटो मला पाठवू नका.

लोण्याचा, करपलेल्या तुपाचा वास आला तर तो डायअ‍ॅसिटिल. यीस्टनंच केलेला, यीस्टच निस्तरतं. शेवटी दोन दिवस 20-21 अंशांवर, गाळासकट राहू द्यायचं. पण तोवर आपल्या उत्साही माणसानं बिअर दुसऱ्या भांड्यात गाळून घेतलेली असते, म्हणजे सफाई कामगाराला कामावरून काढून मग कचऱ्याची तक्रार. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची आहे, थांबा. लागरला सडक्या अंड्याचा वास सुटला तरी तो वायूबरोबर निघून जातो. उकडलेल्या मक्याचा आला तर काढा उकळताना तुम्ही झाकण ठेवलं होतं. गॅस वाचवला, बिअर गेली.

आणि दवाखान्याचा वास. जखमेला लावायच्या पट्टीचा, आयोडिनसारखा. लोकांना वाटतं, यीस्ट सडलं. नळाच्या पाण्यातला क्लोरिन आणि काढ्यातले फिनॉल यांची गाठ पडली की क्लोरोफिनॉल बनतात, आणि ते इतक्या कमी प्रमाणात जाणवतात की पाण्यातला तुमचा नेहमीचा, प्यायला निर्धोक क्लोरिनही पुरतो. बादली ब्लीचनं धुऊन नीट विसळली नसेल तर विचारूच नका. साधा क्लोरिन पाणी उकळून जातो. काही शहरं क्लोरामिन वापरतात, तो उकळून सहजी जात नाही, त्याला पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची चिमूट लागते. हा वास एकदा बसला की उतरत नाही. म्हणजे चूक पहिल्या तासाची, फोन तिसऱ्या आठवड्यात.

व्हिनेगर झालं असेल तर मात्र दोष निःसंशय मालकाचा. अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड करणारा अ‍ॅसिटोबॅक्टर हवेशिवाय ते काम करू शकत नाही. ती हवा कुणी घातली? दर संध्याकाळी झाकण उचलून आत डोकावणाऱ्यानं. ‘‘पण मी हात धुतले होते.’’ हात धुतले, आणि बादलीची तोटी? ती खोलून कधी पाहिलीस? आटे उघडले की आत मागच्या वेळचा काळा चिकट लगदा निघतो, त्यात बॅक्टेरियांच्या कैक पिढ्या सुखानं नांदतायत. बादलीच्या आत तारेच्या चोथ्यानं घासून पाडलेले ओरखडे ही त्यांची दुसरी वसाहत. तिथं कुठलंही जंतुनाशक पोचत नाही. ती बादली धान्याला वापरा.

वैताग याचा येतो की हे सगळं दीडशे वर्षांपूर्वी कळून चुकलंय. 1516 च्या बव्हेरियाच्या बिअर-कायद्यात पाणी, जव आणि हॉप्स एवढंच लिहिलं होतं, यीस्ट नव्हतं, कारण ते कुणाला माहीत नव्हतं. त्यांना अज्ञान माफ. पण पाश्चरनं बिअरच्या रोगांवरचं आपलं पुस्तक 1876 साली छापलं. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेननं 1883 मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. गिनेसमध्ये गॉसेट नावाचा माणूस यीस्टच्या पेशी मोजताना किती चूक होते याचा हिशोब करत बसला, 1907 साली तो छापला, आणि पुढच्या वर्षी ‘स्टुडंट’ या टोपणनावानं त्यानं दिलेली चाचणी आज तुमच्या एमबीएच्या पुस्तकात आहे. बिअरवाल्यांनी जगाला मोजायला शिकवलं, आणि ज्याला ती चाचणी परीक्षेत आली होती तो आमचा वीर आज नळीला कान लावून बसलाय.

सल्ले देणारे तर त्याच्याहून थोर. कुणी सांगतो, साखर घाल, जोर येईल. साखर घातल्यानं अल्कोहोल वाढतं, यीस्टचा अशक्तपणा जात नाही. कुणी म्हणतो, पावाचं यीस्ट घाल, सगळं सारखंच. जात एकच असली तरी पावाच्या यीस्टची निवड पीठ फुगवायला झालेली असते. ते तळाला नीट बसत नाही आणि बिअर गढूळ राहते. या सल्लागारांपेक्षा आमच्याकडचा हातभट्टीवाला शहाणा, असं मी म्हटलं की लोक दचकतात. काळा गूळ आणि नवसागर पकडल्याच्या, कच्चं रसायन नष्ट केल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. लोकांना वाटतं, नवसागर दारू चढावी म्हणून घालतात. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. गुळाच्या पाण्यात साखर भरपूर, नत्र तोकडं. नवसागरातून यीस्टला नत्र मिळतं. डिस्टिलरीत आम्ही त्याच कामाला युरिया आणि डीएपी वापरायचो, रीतसर स्टोअरमधून इंडेंट भरून. त्या माणसाची दारू पिऊ नका, तिच्यात आणखी काय काय पडतं ते देव जाणे. पण ‘काम अडकलं तर खाणाऱ्याला खायला काय कमी पडलं ते बघ’ हे त्याला कळलंय.

याला लागूनच दुसरी भीती. ‘‘मामा, घरच्या बिअरनं डोळे जातात म्हणे?’’ जात नाहीत. जवाच्या काढ्यात यीस्टकडून मिथेनॉल नगण्य होतं. जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली ती कारखान्यात वापरायचं मिथेनॉल पेल्यात आल्यानं. आंबवण्याच्या भांड्याचा त्यात काडीचा दोष नव्हता. पण आपण दोन्हींना एकाच शब्दानं ‘विषारी दारू’ म्हणतो, घाबरतो आणि मोजत नाही.

आता कायदा. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा; नाव बदलून महाराष्ट्राचा झाला, पिंड तोच. त्याखाली पाच रुपयांत एका दिवसाचा पिण्याचा परवाना मिळतो. म्हणजे ढोसण्याची सोय आहे. घरात वीस लिटर जवाचा काढा आंबवलात तर विनापरवाना दारू तयार केल्याचा गुन्हा. ब्रिटननं घरच्या बिअरवरचा परवाना 1963 साली काढून टाकला. अमेरिकेत कार्टर यांनी 1978 मध्ये सही केली, पुढच्या वर्षापासून एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत करमुक्त झालं. विकायची मात्र नाही. तिथं काही सगळे झिंगून रस्त्यावर पडलेत असं माझ्या भाचरांनी अजून कळवलेलं नाही. पुण्यात डूलालीनं 2009 साली मायक्रोब्रुअरी उघडली, तेव्हापासून आपल्याकडं ताजी बिअर म्हणजे मोठ्या बिलाची चैन. पिणारा वाढला. करणारा तयार होण्याची सोय नाही.

आणि हे कुठं, तर कोल्हापुरात! ज्या गावात शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली, ज्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्या जिल्ह्याचं राजकारण, लग्नकार्य आणि निवडणूक उसाच्या बिलावर चालतं. केंद्र सरकारनं डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मज्जाव केला तेव्हा शिरोळ-कागलच्या पारावर बी-हेवी मळीवर चर्चा झडत होत्या. यीस्टच्या जिवावर हा जिल्हा गाड्या फिरवतो आणि यीस्टचं नाव काढलं की पदराआड तोंड लपवतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आमची पोरं अल्कोहोल तंत्रज्ञान शिकतात, सोमवारी लाख लिटरची टाकी चालवतात. रविवारी घरी वीस लिटरचा प्रयोग केला तर आरोपी. मग शिकायचं कुठं? बंद दाराआड, ऐकीव माहितीवर.

आंबवण्याचं आम्हाला वावडं आहे असंही नाही. सौंदत्तीची यात्रा करून लोक परतले की ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा भरते. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवायचं, आंबलं की शिजवायचं, लसूण-जिरं लावायचं. सोबत वडी-भाकरी, वरणं-वांगं, कांद्याची पात. घराघरातून डबे निघतात. त्या पिठात लॅक्टोबॅसिलस काम करतो, बिअरला आंबट करून भाचरांना रडवणारा तोच. आंबील लावणारी बाई रात्रीतून सात वेळा झाकण उचलत नाही. थंडी वाढली तर भांडं चुलीच्या उबेला सरकवते, उन्हाळा असेल तर कमी वेळ ठेवते, वास घेऊन ठरवते. तिच्याकडं स्पिंडल नाही. पण एकाच भांड्यात, एकाच पिठावर जन्मभर केल्यानं तिचं नाक हेच मोजमाप झालंय. तुमचं नाक अजून तीन बादल्यांचं आहे. म्हणून तुम्ही काच विकत घ्या.

एवढे फोन येतात, त्यात जिवाशी गाठ असलेला प्रश्न आजवर एकानंही विचारलेला नाही. बाटल्या भरल्या तर फुटतील का? बिअर बाटलीत भरताना लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालतात. उरलंसुरलं यीस्ट ती खातं आणि फसफस तयार होते. हिशोब बसतो तो आंबणं पुरतं संपलंय असं धरून. पण ज्यानं ‘बुडबुडे थांबले’ एवढ्यावर बाटल्या भरल्या, त्याची बिअर 1.014 ला असेल आणि 1.010 पर्यंत उतरायची बाकी असेल, तर वरची साखर धरून वायू बिअरच्या आकारमानाच्या साडेचार पटींच्या घरात जातो. साधी बिअर अडीच पटींची असते. शॅम्पेनची बाटली इतकी जाड का असते ते कधी उचलून बघा. पातळ काचेची बाटली जुलैतल्या गॅरेजमध्ये फुटली की शेजारचीही फुटते, आणि काच डोळ्याच्या उंचीनं उडते.

मागच्या उन्हाळ्यात एकानं अभिमानानं फोटो पाठवला: जेवणघरातल्या मांडणीवर ओळीनं छत्तीस बाटल्या, आणि खाली त्याची चार वर्षांची मुलगी रंगपेट्या घेऊन बसलेली. मी त्याला आकडा विचारला नाही. आधी पोरीला तिथून उचल म्हटलं. मग सांगितलं, डोळ्याला चष्मा लाव, हातात जाड मोजे घाल, एकेक बाटली फ्रिजमध्ये नेऊन ठेव आणि गार झाली की बूच हळूच सैल करून वायू सोड. तो म्हणाला, ‘‘मामा, इतकं काय? बुडबुडं तर कवाच थांबल्यालं.’’

मी फोन ठेवला आणि त्याच्या बायकोला लावला.